टाके सुकले, पण माणूस बरा झाला का?

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिन म्हटला की वर्षभरात काय काय केले ते सांगायचे असते. वंदना किती झाल्या, वर्षावासात ग्रंथवाचन कुठपर्यंत आले, किती मुलांना वह्या वाटल्या. तो अहवाल आमच्या सेक्रेटरी ताईंनी आताच वाचला. आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली आहेत. त्यात आम्ही आमच्या हातून झालेली एक चूक सांगणार आहोत. आजच्या दिवशी चूक कशाला सांगायची, असे मंडळातल्या काही जणींचे म्हणणे पडले. पण जिच्या बाबतीत ती झाली तीच म्हणाली, "सांगा. नाव घेऊ नका, पण सांगा. दुसरीच्या वाट्याला नको यायला." ती आज इथेच तुमच्यात बसली आहे. तिच्या परवानगीने बोलतो.

आमची ही ताई चार घरची धुणी-भांडी करते. वय त्रेचाळीस. दोन वर्षे तिच्या अंगावरून जात होते, पण घरात बोलली नाही, आमच्याजवळही बोलली नाही. शेवटी कामाच्या ठिकाणी चक्कर येऊन पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेले. रक्त चढवावे लागले. सोनोग्राफीत गाठी दिसल्या. पोट उघडून ऑपरेशन झाले, पिशवी काढली, दोन्ही बाजूची अंडाशयेही काढली. सहाव्या दिवशी घरी सोडले, दहाव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले होते, दोन महिने जड उचलायचे नाही, वाकून धुणी धुवायची नाहीत. कागदावर तसे लिहूनही दिले होते.

तो कागद उशाखाली राहिला आणि ताई अठराव्या दिवशी कामावर गेली.

का गेली? चारपैकी एका घरून निरोप आला होता, "किती दिवस खाडा करणार? आम्ही दुसरी बाई बघू का?" दाजी भाड्याची रिक्षा चालवतात. मुलाची बारावी, क्लासची फी राहिलेली. एक घर सुटले की दुसरे मिळायला महिने जातात, हे इथल्या निम्म्या बायांना ठाऊक आहे. म्हणून ती गेली.

आणि आम्ही काय केले? आम्ही तिचे कौतुक केले. "अठराव्या दिवशी उभी राहिली बघा! हिला म्हणायचं रमाईची लेक." हे वाक्य आमच्यापैकीच एकीचे आहे, आणि बाकीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या कौतुकानंतर तिला "मला होत नाही गं" असे म्हणायची वाटच उरली नाही, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

पुढच्या आठवड्यात पौर्णिमा होती. विहारात भोजनदान होते. ताई आली. पाण्याची बादली तिने उचलली, आम्ही पाहिली, कुणी तिच्या हातातून घेतली नाही. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन. थोड्या वेळाने बघतो तर ती स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला टेकून रडते आहे. आम्ही विचारले, दुखतंय का? म्हणाली, नाही. कुणी काही बोललं का? नाही. मग रडायला काय झालं? तर म्हणाली, "माहीत नाही." तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "ऑपरेशन तर कधीच झालं की आता. एवढ्यात ढेपाळून कसं चालेल?"

ताईने डोळे पुसले, चाळीस माणसांच्या चपात्या लाटल्या आणि घरी गेली. त्यानंतर अडीच महिने ती विहारात आली नाही. आम्ही म्हणालो, कामात असेल. एक-दोघी म्हणाल्या, मान आला असेल बाईला. हेही आज लपवत नाही.

वर्गणी मागायला म्हणून आम्ही तिघी तिच्या दारात गेलो तेव्हा खरे काय ते कळले. तिने पन्नास रुपये हातावर ठेवले आणि म्हणाली, "जरा बसता का?" आम्ही दोन तास बसलो. मोरीत वाकले की पोट उसवेल अशी भीती वाटायची, असे तिने सांगितले. टाके केव्हाच निघाले होते, पण भीती निघाली नव्हती. रात्री तीनला घामाघूम होऊन जाग यायची, ती पहाटेपर्यंत. मुलाच्या हातून पेला पडला तर ती इतकी ओरडायची की तो एकदा म्हणाला, "आई, तू आधी अशी नव्हतीस." जगून तरी काय करायचं, असेही दोनदा मनात येऊन गेले. आणि मग ती जे बोलली ते आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "सगळे म्हणायचे, बरी झालीस, चेहरा सुधारला. मग मला वाटायचं, सगळ्यांना मी बरी दिसते, म्हणजे मीच ढोंग करते."

बंधू-भगिनींनो, त्या दिवसानंतर आम्ही वस्तीत विचारू लागलो. आणि घरोघरी हेच निघाले. आमचा एक भाऊ गोदामात हमाली करतो. हर्नियाचे ऑपरेशन झाले आणि बाराव्या दिवशी कामावर गेला. सोबतचे लोक चांगले, त्याच्या वाटणीची पोती त्यांनीच उचलली. पण दुसऱ्याने आपले ओझे उचलायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे, हे त्याला सहन होईना. ज्याची ओळखच ताकद आहे त्याला असे वाटणारच. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा, बायकोशी बोलणे बंद. आणखी एक बहीण कचेरीत शिपाई आहे. तिचे पित्ताशय दुर्बिणीने काढले. तिला सगळे म्हणायचे, "चार भोकं तर पाडलीत, त्याचं काय एवढं." पोटावरचा व्रण लहान, म्हणून दुःखही लहान असले पाहिजे, असा हिशेब लोकांनी केला होता.

आमच्या मंडळात एक सिस्टर आहेत. त्यांना आम्ही विचारले, हे असे का होते? त्यांनी समजावले ते तुम्हालाही सांगतो. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, म्हणून टाके काढतात. पण आत पोटाच्या भिंतीचे थर असतात, ते जुळायला कित्येक आठवडे लागतात, आणि सहा आठवड्यांनीही त्यांना पूर्वीची पूर्ण ताकद आलेली नसते. पोट उघडून पिशवी काढली तर सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवडे सांगतात. दुर्बिणीने केले तर दिवस कमी लागतात, पण लागतात. म्हणजे वरून दार रंगवून झाले, आत गवंडी अजून काम करतोय.

मनाचेही तसेच आहे. भूल, रक्त जाणे, दुखणे, झोपमोड, यांनी माणूस हळवा होतो. शिवाय पाळी जायच्या आत अंडाशये काढली तर शरीरातली काही द्रव्ये एकदम कमी होतात. मग अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, घाम येतो, झोप उडते, चीड येते, रडू येते. ताईचे हेच होत होते. त्यावर औषधोपचार असतात, फक्त डॉक्टरांना सांगावे लागते. आणि तिला वाटत होते, आपला स्वभावच बिघडला. ज्याचे कारण शरीरात होते त्याचा दोष ती स्वतःला देत राहिली, आणि आम्ही त्यात भर घातली.

आता कुणी म्हणेल, हे सगळे खरे, पण घरी बसून खायचे काय? प्रश्न बरोबर आहे. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेतून ऑपरेशनचा खर्च सुटतो, ही मोठी गोष्ट आहे. पण घरी पडून राहण्याचा खर्च त्यातून सुटत नाही. बुडालेली मजुरी कुणी देत नाही. गरीब माणूस अठराव्या दिवशी उठतो तो हौस म्हणून नव्हे, खाड्याच्या भीतीने उठतो.

हा खाडा काय असतो ते आपल्यातल्या ज्यांचे भाऊबंद ऊसतोडीला जातात त्यांना विचारा. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधी घेतलेली असते. एक दिवस फडात गेले नाही तर मजुरी जातेच, वर मुकादम दंडही कापतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना पुरती विश्रांती न घेता पुन्हा उसाची मोळी डोक्यावर घ्यावी लागली. तिथे फड आहे आणि इथे मोरी आहे, पण खाडा हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, आणि भीतीही एकच आहे.

आमच्या ताईने आणखी एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबासाहेब एवढे आजारी असून लिहीत बसायचे, मग मी धुणं-भांडी का करू नये, असं मनाला सांगायची." हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण हे आपण सगळेच म्हणतो. पण बाबासाहेबांनी कष्टकऱ्यांसाठी काय मागितले तेही आपण वाचले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हाच कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यातूनच पुढे १९४८ साली ई.एस.आय.चा कायदा झाला. स्वतः झिजणाऱ्या माणसाने आपल्यासाठी विश्रांतीचा हक्क मागितला. त्यांच्या झिजण्याचा दाखला देऊन आपण तो हक्क सोडून देऊ नये.

म्हणून ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची कपात होते त्यांनी नीट ऐका. नियम पुरे होत असतील तर डॉक्टरी दाखल्यावर वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या साधारण ७० टक्के. आमच्या हमाल भावाची कपात होत होती. त्याला हे माहीतच नव्हते. कार्ड पेटीत होते आणि तो बाराव्या दिवशी गोदामात होता. घरकाम करणाऱ्या बायांच्या हातात मात्र असे कार्ड नाही. त्यांच्यासाठी आपल्यालाच काही करावे लागेल. त्याबद्दल शेवटी बोलतो.

त्याआधी विनयपिटकातली जीवकाची गोष्ट सांगतो. भन्तेजींनी वर्षावासात ती सांगितली होती, पण आमची ताई त्या वेळी आली नव्हती.

राजगृहाच्या एका मोठ्या श्रेष्ठीला सात वर्षे डोकेदुखी होती. वैद्यांनी हात टेकले. राजा बिंबिसाराने जीवकाला पाठवले. जीवकाने हत्यार हातात घेण्याआधी त्याला विचारले, एका कुशीवर सात महिने पडून राहशील? श्रेष्ठी म्हणाला, राहीन. दुसऱ्या कुशीवर सात महिने? राहीन. उताणा सात महिने? राहीन. मग जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याची कवटी उघडली, आतून दोन किडे काढले, पुन्हा शिवले आणि लेप लावला. सात दिवस झाले आणि श्रेष्ठी म्हणाला, आता एका कुशीवर राहवत नाही. मग दुसरी कूस, पुन्हा सात दिवसांनी तेच. मग उताणा, पुन्हा तेच. अशा एकवीस दिवसांनी जीवकाने त्याला उठवले आणि सांगितले, तू एकवीस दिवसांत बरा होणार हे मला ठाऊक होते, पण सात-सात महिने म्हणालो नसतो तर तू एवढाही पडून राहिला नसतास.

ही गोष्ट ऐकताना पूर्वी आम्ही हसायचो. आता तिच्यात दोन गोष्टी दिसतात. श्रेष्ठीला पैशाची ददात नव्हती, चार घरी भांडी घासायची नव्हती, तरी त्याला आठवडाभर पडून राहवेना. म्हणजे पडून राहणे हे आळशाचे काम नाही, ते अवघड काम आहे. आणि जीवकाने विश्रांतीचे वचन आधी घेतले, ऑपरेशन नंतर केले. आपण उलटे करतो. ऑपरेशनची तारीख ठरवतो, पैसे उभे करतो, रक्त कोण देणार ते बघतो, आणि नंतर किती दिवस झोपायचे, तोवर घर कोण चालवणार, हे कुणी बोलत नाही.

विनयातच आणखी एक सांगितले आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या आणि कुणी न बघितलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले, खाटेवर निजवले, हे आपल्याला माहीत आहे. त्या वेळी कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे आणि कोणत्या रुग्णाची अवघड हेही त्यांनी सांगितले. त्यात एक लक्षण असे की, चांगला रुग्ण आपले दुखणे सेवा करणाऱ्याला जसे आहे तसे सांगतो. वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी झाले, तसेच असेल तर तसेच आहे म्हणतो. आपण काय करतो? कुणी विचारले, "बरी आहेस ना?" की "बरी आहे." हे उत्तर त्या प्रश्नातच भरलेले असते. आमच्या ताईने खोटे सांगितले म्हणून तिला दोष देऊ नका. तिने खरे सांगावे असा प्रश्न आम्ही तिला एकदाही विचारला नव्हता.

तर आता आम्ही काय करायचे ठरवले आहे ते सांगतो. मोठे काही नाही.

ताईकडून उठून आलो त्याच आठवड्यात आमच्यातल्या चौघींनी तिची चार घरे वाटून घेतली. प्रत्येकीने एक घर, एक महिना, बदली म्हणून. पगार ताईच्या हातात. मॅडम लोकांनी आधी कुरकुर केली, मग काम होतंय म्हटल्यावर गप्प बसले. घर एकही सुटले नाही. सिस्टर ताईला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या, घामाचे, झोपेचे, मनात येते त्याचे सगळे सांगितले, गोळ्या चालू झाल्या. एकदम काही बदलले नाही. पण दीड महिन्याने ती विहाराच्या पायरीवर येऊन बसली. त्या दिवशी आम्ही तिला कुठलेही काम सांगितले नाही.

बदली घेण्यात कमीपणा नाही. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात भगवंत रात्री उशिरापर्यंत बोलले आणि मग आनंदाला म्हणाले, आता तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. भरलेल्या सभेत त्यांनी हे सांगितले. आपल्याला मात्र चार घरच्या भांड्यांपुढे ते सांगायला लाज वाटते.

यापुढे वस्तीत कुणाचेही ऑपरेशन ठरले, बाई असो की पुरुष, तर तारखेच्या आधी मंडळाला कळवा. बदली कोण जाणार, डबा कोण देणार, पाणी कोण भरणार, हे आधी ठरेल. भेटायला जाल तेव्हा "बरी आहेस ना" म्हणू नका. "कालच्यापेक्षा कमी आहे का जास्त?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कुणी लवकर उठले तर कौतुक करू नका, हातातली बादली घ्या. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोप नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर ते दुखणेच आहे, त्यासाठीही डॉक्टर आहेत. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येते. विहाराच्या फळ्यावर तो लिहून ठेवला आहे. आणि पुरुष मंडळींना विनंती, हमाल भावासारखे भिंतीकडे तोंड करून झोपू नका. तुमची बदली ठरवायला तरुण संघाने पुढे यावे, असे आम्ही या व्यासपीठावरून मागतो.

ताईसाठी एक गोष्ट राहिली. तू स्वयंपाकघरात रडत होतीस तेव्हा आम्ही विचारले होते, रडायला काय झालं. तो प्रश्न आम्ही परत घेतो. आज जेवणाच्या पंगतीत तू बस. वाढायला आम्ही आहोत.

एवढे बोलून महिला मंडळाच्या वतीने आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!